गाडीतला गॅस गीझर पाच-सहा मिनिटांत विझतो : सेल बदलण्याआधी हवा तपासा

हिवाळा सुरू झाला की आमच्यासारख्या गाडीत मुक्काम करणाऱ्या मंडळींकडून एकच तक्रार ऐकू येते. गीझर व्यवस्थित पेटतो, पाणीही छान गरम येते, आणि पाच-सहा मिनिटांनी ज्योत आपोआप विझते. थोडा वेळ थांबून नळ पुन्हा सोडला की तो पुन्हा पेटतो. उन्हाळ्यात हाच गीझर विनातक्रार चालतो. आमच्या गाडीत हा प्रकार सलग दोन हिवाळे झाला, आम्ही त्यावर चार उपाय केले आणि चारही चुकीचे केले. त्यांतील शेवटचा उपाय पुतण्याच्या जिवावर बेतला असता.

गाडी म्हणजे जुनी सतरा आसनी ट्रॅव्हलर. धाकटे बंधू आणि मी, दोघांनी मिळून ती घेतली आणि इंदूरात देवास नाक्याकडील एका गॅरेजात आतून नव्याने बांधून घेतली. चार बाके उघडून झोपण्याची सोय, एक लहानसा ओटा, आणि मागच्या कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांचे न्हाणीघर असा तिचा संसार आहे. मांडव, महेश्वर, ओंकारेश्वर अशा एक-दोन रात्रींच्या फेऱ्यांसाठी एवढे पुरते. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातली पहाट चांगलीच गार असते, तेव्हा गरम पाणी हवेच, म्हणून सियागंजातून मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा घरगुती गॅस गीझर आणून तो न्हाणीघराच्या भिंतीवर आतल्या बाजूने बसवला. बाहेर जागा नव्हती, आत होती, एवढाच त्यामागचा विचार.

पहिल्याच फेरीत मांडवला सौ.चे डोके भयंकर दुखले आणि तिला मळमळू लागले. घाटातली वळणे आणि रिकाम्या पोटी घेतलेला चहा यांमुळे पित्त झाले असावे असे आम्ही ठरवले, आले-लिंबू दिले, आणि दुपारपर्यंत वाड्यांच्या भग्नावशेषांतून मोकळ्या हवेत हिंडल्यावर ती बरीही झाली. पित्ताचा त्या दुखण्याशी काही संबंध नव्हता हे आज कळते. त्या दिवशी अंघोळीला सर्वांत शेवटी तीच गेली होती, म्हणजे तिच्या आधी तीन जणांसाठी गीझर जळून झाला होता.

गीझर विझण्याची तक्रार सुरू झाल्यावर बंधू म्हणाले, "दादा, सेल संपले असतील." दोन्ही मोठे सेल बदलले. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मग रेग्युलेटर आणि रबरी नळी बदलली. त्यानंतर पाण्याच्या दाबावर चालणारा डायफ्रॅम (लवचीक पडदा) उघडून त्यावरचा क्षार साफ केला. तिन्ही गोष्टी वेळच्या वेळी करायलाच हव्यात, पण आमच्या तक्रारीचे मूळ त्यांत नव्हते. चौथ्या वेळी एका मिस्त्रीला दाखवले. त्याने वरचे पत्र्याचे झाकण काढले, धुराच्या तोंडाशी बसवलेल्या नाण्याएवढ्या बटणापासून निघालेल्या दोन तारा तोडल्या, एकमेकींत पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि म्हणाला, "लो साहब, अब नहीं बुझेगा." त्याचे म्हणणे खरे ठरले. गीझर त्यानंतर विझला नाही.

ते नाण्याएवढे बटण म्हणजे उष्णतेवर उघडणारा सुरक्षा-स्विच होता. जळालेला वायू वर निघून जाण्याऐवजी तोंडाशीच तुंबला की तेथील पत्रा तापतो, स्विच उघडतो आणि गॅसच्या झडपेकडे जाणारा वीजप्रवाह तोडला जातो, म्हणून झडप मिटते. थोडा वेळ थांबल्यावर पत्रा निवतो, स्विच मिटतो, आणि गीझर पुन्हा पेटतो. आमची तक्रार नेमकी हीच होती. काही गीझरांत याच कामासाठी हवेतील ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारी वेगळी सोय असते. थोडक्यात, गीझर बिघडलेला नव्हता. तो आपले काम चोख करत होता, आणि आम्ही चौकीदाराला गावाबाहेर काढून दिले होते.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण तो एकदा समजला की बाकी सगळे आपोआप समजते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्यात जावी लागते, आणि वाया जाणारी धरून बर्नरला बारा किलोवॉटच्या पुढे जळावे लागते. याचा अर्थ तासाला सुमारे एक किलो गॅस, म्हणजेच दहा मिनिटांच्या अंघोळीला दीडशे ग्रॅमहून थोडा अधिक. एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १३ घनमीटर हवा लागते, म्हणून दहा मिनिटांना दोन घनमीटर हवा हवी. आमचे न्हाणीघर तीन बाय तीन आणि उंची साडेसहा फूट. त्यात मावणारी एकूण हवा पावणेदोन घनमीटरसुद्धा नाही. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत असे, म्हणून तर ज्योत पाच-सहा मिनिटे तग धरत होती. ज्या घरगुती न्हाणीघरात हा गीझर बसवतात, ते पाच बाय सहा आणि उंची आठ फूट धरले तरी त्यात पावणेसात घनमीटर हवा मावते, म्हणजे तेथेही दारे-खिडक्या बंद असल्यास दोघांच्या अंघोळीनंतर हवेची दशा वाईटच होणार.

ऑक्सिजन पुरेसा असला की गॅसमधील कार्बनचा कार्बन डायऑक्साईड होतो. तो अपुरा पडू लागला की जळण अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होऊ लागतो. ही हवा दुसऱ्यांदा बर्नरमध्ये ओढली गेली की त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. या वायूला रंग, वास, चव काहीही नाही, आणि तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबतही नाही. सिलिंडर गळू लागला की नाकाला जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. ज्योतीत गॅस जळताना तोही जळून जातो, म्हणून "वास तर काही येत नव्हता" या वाक्याला येथे काडीचाही अर्थ नाही. कार्बन मोनॉक्साईड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात.

महेश्वरला जे घडले ते थोडक्यात सांगतो. जानेवारीतली रात्र होती, घाटावरून वारा येत होता, म्हणून गाडीच्या सर्व काचा लावलेल्या होत्या. जमिनीतल्या झरोक्यांत धूळ येते म्हणून मी स्वतः जुन्या बनियनचे बोळे कोंबून ठेवले होते. पुतण्या अंघोळीला गेला. सात-आठ मिनिटांनी आतून स्टीलचा तांब्या पडल्याचा आवाज आला आणि हाक मारल्यावर उत्तर आले नाही. कडी साधी होती म्हणून दार ढकलून उघडता आले. तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे उघडे होते, पण पाय उचलत नव्हते. त्याला बाहेर घाटाच्या पायऱ्यांवर आणून बसवले, तेव्हा पाच मिनिटांत तो बोलू लागला. कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर गाडीत होता, तो बोटाला लावला तर आकडा ९८. आम्ही हुश्श केले. हीच दुसरी मोठी चूक. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन बांधलेले आणि कार्बन मोनॉक्साईड बांधलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही तो उत्तम आकडा दाखवतो.

सुदैवाने बंधू ऐकले नाहीत आणि आम्ही रात्रीच इंदूरला परतलो. रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "पाणी कशावर तापवता?" असा. रक्ताच्या तपासणीत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड बांधलेले हिमोग्लोबिन, १८ टक्के निघाले. प्रवासात दोन तास गेले होते, ते धरले तर न्हाणीघरात असताना ते २४-२५ टक्क्यांच्या घरात असणार. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला की निम्मे होण्याचा काळ चार-पाच तासांवरून साधारण तास-सव्वा तासावर येतो. पहाटेपर्यंत तोच उपचार चालला. न्हाणीघरात अचानक कोसळलेले, फिट आल्यासारखे दिसणारे असे रुग्ण भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांना इतके नियमित भेटतात की त्याला "गॅस गीझर सिंड्रोम" असे नावच पडले आहे, हे मला तेव्हा कळले.

तर आता मूळ तक्रारीकडे वळू. गीझर विझतो एवढ्यावरून निदान होत नाही. तो केव्हा विझतो हे पाहावे लागते. नळ सोडल्यावर ठिणगीची टकटक ऐकूच येत नसेल किंवा ती रेंगाळत येत असेल, तर सेल कमजोर आहेत. ज्योत पेटून दोन-चार सेकंदांतच जात असेल, तर ज्योत ओळखणारी सळई काजळीने माखलेली आहे किंवा जागेवरून हलली आहे. तिला बारीक पॉलिश पेपरने पुसावे, पण काजळी मुळात आली कोठून हेही विचारावे. बरोबर वीस मिनिटांनी बंद होत असेल, तर बहुतेक गीझरांत असलेला टायमर आपले काम करतो आहे आणि त्याला हात लावू नये. ज्योत सारखी विझत-पेटत असेल आणि तिच्या तालावर पाण्याची धारही कमी-जास्त होत असेल, तर दोष पंपात आहे. तो शेवटी पाहू. आणि पाच-सहा मिनिटे ठणठणीत जळून मग विझत असेल, तर हवा किंवा धुराची वाट हेच कारण धरून चालावे, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही.

हे सिद्ध करायचे असल्यास न्हाणीघराचे दार, गाडीचे मागचे दार आणि सर्व काचा सताड उघड्या ठेवाव्यात, आत कोणीही उभे राहू नये, आणि बाहेरून नळ चालू करून घड्याळ लावावे. एवढ्या हवेत गीझर टायमरपर्यंत न विझता चालला, तर कारण सापडले. दार लावून "खरेच विझतो का" हे पाहण्याचा मोह आवरावा. पहिल्या परीक्षेतून जे कळायचे ते कळलेले असते.

ज्योतीचा रंगही पाहावा. निरोगी ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असते. टोके पिवळी-नारिंगी दिसली, ज्योत वर उचलल्यासारखी डुलू लागली, किंवा झाकणाच्या वरच्या कडेला काळे ओघळ दिसले, तर हवा कमी पडते आहे. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहिली असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे हे हमखास सापडणारे कारण असते. अडथळा इवलासा दिसतो, पण हवा-गॅसचे मिश्रण बिघडवायला तो पुरतो. मात्र ज्योत निळी आहे म्हणून सर्व ठीक, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही, ती म्हणजे एक्झॉस्ट फॅन. गीझरचा धूर नळीने वर जात असेल आणि त्याच खोलीत पंखा हवा बाहेर फेकत असेल, तर आत येणाऱ्या हवेला पुरेशी वाट नसल्यास पंखा त्या नळीतूनच हवा ओढतो आणि धूर उलटा खाली येतो. पंखा लावला की धोका टळला असे समजणाऱ्यांच्या न्हाणीघरात मी हा प्रकार उदबत्ती धरून दाखवला आहे. नळीच्या तोंडाशी धरलेला उदबत्तीचा धूर पंखा सुरू होताच नळीत न जाता उलटा खोलीत वळतो.

मग गाडीत गरम पाणी मिळवायचे कसे? युरोपात ओढून नेण्याच्या कॅराव्हॅनमध्ये जे गीझर असतात त्यांची रचनाच वेगळी असते. त्यांची जळणाची पेटी बंदिस्त असते. ती गाडीच्या बाहेरील भिंतीतून हवा घेते आणि जळालेला वायूही त्याच भिंतीतून बाहेर सोडते, आतल्या हवेशी तिचा संबंधच येत नाही. ट्रुमासारख्या कंपन्यांचे असे गीझर दहा किंवा चौदा लिटरची टाकी तापवून ठेवतात. गाड्यांमधील एलपीजीसाठी असलेले ईएन १९४९ हे युरोपीय मानक स्वयंपाकाची शेगडी वगळता इतर उपकरणे अशी बंदिस्तच असावीत या विचारावर उभे आहे. तेथेही लोक चुका करतात: धुराच्या तोंडावरचे झाकण काढायला विसरतात, किंवा तोंडाच्या बरोबर वरची खिडकी उघडी ठेवतात, किंवा त्यावर कापडी मांडव घालून धूर कोंडतात. आपल्याकडील लहान घरगुती गीझर हा असा बंदिस्त नसतो. तो उघड्या बाल्कनीच्या भिंतीसाठी ठीक आहे. न्हाणीघराच्या आत त्याला जागा नाही, आणि गाडीच्या आत तर मुळीच नाही. हे मत कोणाला कडक वाटेल, पण वरचा हिशेब पुन्हा वाचावा.

आम्ही गीझर आतून काढला. आता तो मागच्या दाराच्या बाहेरील अंगाला खाली-वर सरकणाऱ्या पट्टीवर आहे. गाडी थांबल्यावर तो बाहेर टांगायचा, पाण्याची नळी जोडायची, अंघोळी झाल्या की गॅस बंद करून काढून ठेवायचा. त्या काळात मागची काच बंद आणि पुढची दोन्ही दारे उघडी, म्हणजे धूर आत वळत नाही. तोडलेल्या तारा पुन्हा नीट जोडून स्विच नवा बसवला. बनियनचे बोळे काढून झरोक्यांना बारीक जाळी लावली. जमिनीतले झरोके गळलेल्या गॅससाठी असतात, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असून खाली साचतो. ते बुजवले तर स्फोटाची तयारी होते. कार्बन मोनॉक्साईड मात्र हवेइतकाच हलका-जड आहे, तो सर्वत्र पसरतो, म्हणून वरच्या बाजूलाही कायम उघडी वाट लागते. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, आणि जोड साबणाच्या फेसाने तपासायचे, काडी पेटवून कधीच नाही.

अलार्म दोन लागतात आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही. एलपीजीचा खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. कार्बन मोनॉक्साईडचा झोपणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर, गीझर-शेगडीपासून मीटरभर तरी दूर. गाड्या आणि नौकांसाठीच्या अलार्मांचे मानक ईएन ५०२९१-२ असे वेगळे आहे, कारण धक्के आणि थंडी-ऊन त्यांना सोसावे लागते; घेताना डब्यावर हा क्रमांक पाहावा. या मानकानुसार हवेत कार्बन मोनॉक्साईडचे दशलक्षात ५० भाग असल्यास अलार्म तास ते दीड तासात वाजतो, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो वाजत नाही तोवर हवा शुद्ध आहे असे नव्हे. डोके दुखू लागले तर अलार्मची वाट पाहू नये. ताप नसताना एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखणे, मळमळणे, पाय गळणे, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटणे ही खूण पुरेशी आहे. अशा वेळी आधी सर्वांनी बाहेर पडावे, मग गॅस बंद करावा, १०८ ला फोन करावा, आणि डॉक्टरांना "गॅस गीझर होता" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. थंडीत गाडीत ठेवलेली कोळशाची शेगडी आणि खिडकीखाली चालणारा जनरेटर यांतूनही हाच वायू येतो, हे ओघाने.

आता राहिला पंप. बारा व्होल्टचा पंप दाबावर चालू-बंद होतो, आणि शॉवरची धार बारीक केली की तो सेकंदा-सेकंदाला थांबून सुरू होतो. गीझरला किमान प्रवाह मिळत नाही आणि ज्योत लपंडाव खेळू लागते. पंपानंतर लहान दाबटाकी (पाणी दाबाखाली साठवणारी टाकी) बसवली आणि शॉवरची चाळणी क्षारमुक्त केली की हे थांबते. आमच्याकडे अर्ध्या लिटरची दाबटाकी पुरली.

गेल्या महिन्यात ओंकारेश्वरला मध्यरात्री अलार्मचा आवाज ऐकून आम्ही सगळे पांघरुणांसह बाहेर आलो. मिनिटाला एकच टिक होती, म्हणजे बॅटरी संपत आली होती. खऱ्या इशाऱ्याला बहुतेक अलार्म चार-चार टिकांनी सलग वाजतात. बंधू थंडीत कुडकुडत म्हणाले, "दादा, सेलच संपले होते." या वेळी त्यांचे निदान बरोबर होते.